दगड झालेलं पोवळं

मंगळ या ग्रहाची बाजू जन्मभर, तीही विनामूल्य, मांडणारा वकील साऱ्या वऱ्हाडात एकच झाला: माझ्या बायकोचे अकोल्याचे मामा. दिवाणी वकिलीतून निवृत्त झाले, पण हा अशील काही सोडला नाही. "जावईबापू, मंगळासारखा बदनाम आरोपी नाई. लग्न मोडलं, का याच्यावर आळ. त्याचं म्हननं कोनं ऐकलं काय?" तरुणपणी त्यांचं स्वतःचं ठरलेलं लग्न पत्रिकेतल्या मंगळापायीच मोडलं आणि मग झालंच नाही, हे ते दुसऱ्याच कोणाची गोष्ट असावी तसं हसत सांगतात.

तेव्हापासून त्यांच्या अनामिकेत मंगळाच्या शांतीसाठी पोवळ्याची अंगठी. पण पोवळं लाल नव्हे. युगानुयुगं जमिनीत पडून दगड झालेलं, राखी-तपकिरी, अंगावर बारीक फुलांची नक्षी असलेलं. एकदा सराफ म्हणाला, "वकीलसाहेब, पोवळं लाल असते. हा तं गोटा हाय." मामा उसळले, "लाल पोवळं म्हंजे काल वकिलीची सनद भेटलेलं पोट्टं! याले पाहा. समुद्र आटला, पन हा तारखेवर हजर हाय!"

पोवळं फिकं पडलं की घालणारा आजारी पडतो, ही जुनी समजूत. मामांनी तिची हद्द वाढवून पार पंगतीपर्यंत नेली. भातकुलीच्या एका शेतात, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांचं जेवण होतं. पहिला घास घेताना मामांचं बोटाकडे लक्ष गेलं आणि ते ओरडले, "थांबा! कोनी जेवू नका, खडा पांढरा पडला!" अख्खी पंगत वांग्याच्या भाजीच्या वासात हात आवरून बसली. शेवटी माझ्या बायकोनं त्यांचं बोट पदराला पुसलं. खड्यावर रोडग्याची राख होती.

खरं सांगतो, अशा माणसाला मुलीच्या सोयरिकीच्या बैठकीला न्यायची मला लाज वाटत होती, पण बायकोनं त्यांना मुलाच्या घरी सोबत नेलंच. अमरावतीचा मुलगा आणि आमची लेक, दोघांची मनं जुळलेली. अडून बसली होती मुलाची आई, कारण लेकीच्या पत्रिकेत मंगळ. "पोरगी गुनाची हाय हो," ती डोळ्याला पदर लावून म्हणाली, "पन माह्या पोराच्या जिवाले काई झालं तं?" मी विज्ञान शिकवतो, मंगळबिंगळ मानत नाही. तरी लेक माझ्याकडे पाहत होती आणि मी पोह्यांकडे.

मामा उठले. "ताई, तुमाले युक्तिवाद नाई, जामीन पायजे. ही अंगठी पोराच्या बोटात घाला. मंगळ आला तं या खड्यानं त्याच्याशी बोलावं."

पण अंगठी निघेना. साबण झाला, जवसाचं तेल झालं. मग मुलाच्या आईनंच पदर खोचला, बोटाला दोरा गुंडाळला आणि दरडावलं, "हालू नका ना मामा!" मागून मुलाच्या वडिलांनी मामांची कंबर धरली, "ओढ वं, ओढ!" साऱ्या घराचा जोर लागला आणि अंगठी उडाली ती थेट कढीच्या गंजात. ती माउली खाली बसून पोट धरधरून हसली. हसता हसताच पळीनं अंगठी काढली, धुतली, मुलाच्या बोटात घातली, आणि आमच्या लेकीला जवळ ओढून कुंकू लावलं.

"पन मामा," तिला एकदम सुचलं, "आता मंगळ तुमच्याकडं आला तं?"

"येऊ द्या ना. मी तं घरी एकटाच असतो. च्या मांडीन त्याच्यासाठी."

सगळे हसले. मीही. मामा मात्र बोटावरचा पांढरा, खोल वळ हळूच चोळत होते. कितीतरी वर्षांनी तिथे वारा लागत होता.