औषधाच्या नावातला झोल

नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेत मी बुरशीची परीक्षा घेते. प्लास्टिकच्या प्लेटमध्ये शहाण्णव बारीक खळगे असतात. एकेका ओळीत एकेक औषध, पहिल्या खळग्यात कडक, पुढे निम्मं-निम्मं होत गेलेलं. त्यात रुग्णाची बुरशी सोडायची आणि ती कुठे वाढते, कुठे मरते ते बघायला दोन दिवस थांबायचं. हे थांबणं मला अजून जमत नाही.

दिवाळीनंतर देगलूरकडच्या एका शेतकरी बाईच्या डोळ्यातला नमुना आला. सोयाबीनची रास करताना भुसकट डोळ्यात गेलेलं. दुसरा डोळा लहानपणीच गेला होता, म्हणजे हाच एक. थेंब घालूनही बुबुळावरचा पांढरा डाग पसरत होता. बाई पट्टी बांधून बाकावर बसलेल्या. त्यांच्या नवऱ्याला मी म्हटलं, "आतापर्यंत वापरलेलं सगळं औषध उद्या घेऊन या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलावर पिशवी उपडी केली. थेंब, गोळ्या आणि पिकावर फवारायच्या बुरशीनाशकाची बाटली.

मी भडकलेच. "हे डोळ्यात घातलं?"

"न्हाई ओ मॅडम! तुमी औषध म्हनलात. आमी यालाच औषध म्हनतो. यंदा हेच मारलं सोयाबीनवर."

मला हसू आलं. मग लेबल वाचलं. नावाच्या शेवटी 'कोनाझोल'. थेंबांच्या बाटलीवरही शेवटी तेच. दोन्ही एकाच घराण्यातली. शेतातल्या औषधाला सरावलेली बुरशी कधीकधी दवाखान्यातल्या त्याच्या भावंडालाही दाद देत नाही, हे मी फक्त वाचलं होतं.

प्लेट काढली तेव्हा थेंबांच्या ओळीत पहिल्या, सगळ्यांत कडक खळग्यातही बुरशी कापसासारखी वाढली होती. शेजारच्या, वेगळ्या घराण्यातल्या औषधाची ओळ मात्र जवळजवळ स्वच्छ. वाचलेलं डोळ्यांसमोर दिसलं म्हणून मला आनंद झाला आणि लगेच स्वतःची लाज वाटली. डॉक्टरांना फोन केला, थेंब बदलले. बाईंच्या नवऱ्याला दोन्ही लेबलांवरचं 'झोल' दाखवून काय झालं ते सांगितलं.

"म्हंजे झोल आमच्या शेतातच झाला म्हना की," नवरा म्हणाला.

"एका प्लेटवरून तसं सांगता येत नाही," मी म्हटलं. जाणून घ्यायची खाज मात्र आजही आहे.

महिन्याभराने दोघं आली. बाईंची पट्टी निघाली होती. दारातच थांबून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुमीच का त्या मॅडम? आवाजावरनं मला लई म्हाताऱ्या वाटला होता."

एरवी मी चिडले असते. त्या दिवशी मला रडू आलं.