सवय मोडण्याचे दिवस

आम्ही घर बदलणार हे सासूबाईंना सांगितलं, तेव्हा बाळ त्यांच्या मांडीवर होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्याला उचलून खाली सतरंजीवर ठेवलं, पदर झटकला आणि आत जाऊन कुकर लावला. पोर दोन्ही हात वर करून त्यांच्या पाठीकडे बघत बसलं. मला वाटलं, राग आहे, उतरेल. राग असता तर उतरलाच असता.

घर बदलायला कारण होतं. नवऱ्याची कंपनी शहराबाहेर, बुटीबोरीच्या एमआयडीसीत. आधी ठीक होतं, पण पाळ्या बदलल्यापासून तो शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गाडी हाणत जायचा आणि अर्धमेला होऊन परत यायचा. त्याच रस्त्यावर खापरीच्या बाजूला भाड्यानं फ्लॅट मिळत होता, मलाही तिथून मेट्रोनं ऑफिस गाठता आलं असतं. हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं असं की, एका घरात दोन बायकांचं राज्य मला सोसवत नव्हतं, आणि त्यातली राणी मी नव्हते. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले, नवरा एकुलता एक. सासूबाईंनाही आम्ही चला म्हटलं. मी तर त्या नाही म्हणतील या खात्रीनंच म्हटलं, आणि त्यांनी माझी निराशा केली नाही. भाड्याच्या घरात मी देव कुठे मांडू, एवढंच त्या म्हणाल्या.

एक गोष्ट मात्र मी नाकारणार नाही. बाळ वाढवलं ते त्यांनी. मी ऑफिसला रुजू झाल्यापासून त्याचं खाणं, न्हाणं, झोपणं सगळं त्यांच्याकडे. सकाळी त्या न्हाणीत पाटावर पाय लांब करून बसायच्या, त्याला नडग्यांवर पालथा घालून तेलानं असं रगडायच्या की मला बघवायचं नाही, आणि ते बेटं खुदुखुदु हसायचं. माझ्या हातात ते कधी तसं हसलं नाही. मी संध्याकाळी घरी आले की ते माझ्याकडे यायचं, पण त्यांच्या कडेवरून मागे वळून वळून बघत.

घर बदलण्याचं सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखं रांगत न्हाणीत गेलं आणि पाटाशी जाऊन बसलं. सासूबाई ओसरीत होत्या. त्यांनी मला हाक मारली आणि त्याला न्यायला सांगितलं. आजपासून त्याचं तूच करायचं, म्हणाल्या. मला वाटलं, कंबर दुखत असेल. मी विचारलंही. तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलल्या.

"तिथं कोन घेनार हाये वं त्याले? आतापासूनच सवय मोडा लागते. दूध तोडाचं तं कडू लावाच लागते."

आमच्याकडे अंगावरचं पोर दूध सोडत नसलं की बाया छातीला कडुनिंबाचा पाला वाटून लावतात. पोर तोंड लावतं, थू करतं, रडतं, पुन्हा येतं, पुन्हा थू करतं. चार दिवसांत सुटतं. सासूबाई खेड्यात वाढलेल्या, त्यांनी पोरांचंही सोडवलेलं पाहिलं होतं आणि वासरांचंही. आता त्यांनी स्वतःलाच कडू लावून घेतलं.

मग ते सुरू झालं. घर हलवायचं म्हणून मी ऑफिसातून रजा घेतली होती, त्यामुळे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. एप्रिल सरत आला होता, कूलर दिवसरात्र घरघरत होता, आणि त्या गच्चीवर कुरडया घालत होत्या. बाळाला घेऊन मी वर गेले की ते त्यांना बघून उसळायचं. त्या चीकभरल्या हातांनी सोऱ्या फिरवत राहायच्या. खाली आल्यावर ते रांगत त्यांच्यामागे स्वयंपाकघरात जायचं, पदर धरून उभं राहायचा प्रयत्न करायचं. त्या खाली वाकून त्याच्या मुठीतून पदर सोडवायच्या. ओढून नाही. एकेक बोट उलगडून, नीट, सावकाश, जसं काही साडीत अडकलेला काटा काढतायत. मारलं असतं तर मी भांडले असते. मारत नव्हत्या, रागावत नव्हत्या, त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. याला काय म्हणून भांडायचं?

मी नवऱ्याशी भांडले. तो कळमन्याच्या फळबाजारातून सफरचंदाची रिकामी खोकी आणून त्यात भांडी भरत होता. आईचा स्वभावच तसा आहे, तू काहून मनावर घेऊन राहिली, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, ती मला शिक्षा करते आहे आणि छडी म्हणून माझं पोर वापरते आहे. तो खोकं बांधायला सुतळी शोधत बाहेर निघून गेला. पुरुषांना अशा वेळी सुतळी बरोबर सापडत नाही.

आणि बाळ शिकलं. हे मला सगळ्यात जास्त लागलं. आधी ते रडायचं, मग नुसतं कुरकुरायचं. मग एका दुपारी मी दाराशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होते, तेव्हा ते रांगत सासूबाईंच्या खोलीपर्यंत गेलं. त्या पलंगावर बसल्या होत्या. ते उंबऱ्याशी थांबलं, त्यांच्याकडे बघितलं, हात वर केले नाहीत, आणि आपलं आपण वळून परत आलं. सासूबाईंनी ते पाहिलं. त्यांनी पाहिलं हे मी पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. मला दया यायला हवी होती, असं कुणी म्हणेल. मला नाही आली. मनात म्हटलं, घ्या आता, जसं पेरलं तसं उगवलं.

निघायच्या दिवशी टेम्पो भरला, खोल्या रिकाम्या झाल्या. सासूबाईंनी दही-साखर कालवून आणली. नवऱ्याच्या तळहातावर ठेवली, माझ्या ठेवली. मी वाकून नमस्कार केला. मग वाटी खाली ठेवून त्यांनी बाळापुढे दोन्ही हात पसरले. इतक्या दिवसांनी.

बाळानं त्यांच्याकडे बघितलं. ओळखत नव्हतं असं नाही, चांगलं ओळखत होतं. बघितलं, आणि तोंड माझ्या खांद्यात घातलं.

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? इतका आनंद मला ते पहिल्यांदा हसलं तेव्हाही झाला नव्हता. नवरा म्हणाला, दे ना तिच्याजवळ. मी म्हटलं, तो जात नाही तर मी काय करू. सासूबाईंनी हात मागे घेतले, पदराला पुसले आणि म्हणाल्या, "सुटलं. चांगलं झालं." आम्ही फाटकाबाहेर पडेपर्यंत त्या आत गेल्या होत्या.

नव्या घरात पोर रडून आकांत करेल या भीतीनं मी आधीच हबकले होते. परकी जागा, उघड्या भिंती, सगळीकडे खोकी. त्यानं काहीच केलं नाही. खोक्यांमध्ये बसून सुतळीशी खेळलं, खाल्लं, झोपलं. सकाळी सासूबाईंचा फोन आला. गॅस जोडला का, पाणी येतं का, हे काही नाही.

"रडला काय?"

त्यांना काय ऐकायचं होतं हे मला स्वच्छ कळलं. तो रडला, तुम्हाला शोधत होता, एवढं म्हटलं असतं तर त्या दिवसभर जगल्या असत्या. पण खरं बोलायची अशी संधी कोण सोडतं?

"नाही आई. एकदाही नाही."

त्यांनी तिकडे कूलर बंद केल्याचं ऐकू आलं. मग त्या अगदी शांतपणे बोलल्या. "मंग तुह्यासाठीबी नाई रडनार. ड्युटीवर जाशीन तवा पाहून घेजो."

मी फोन आपटला. म्हातारीचं विष, असं नवऱ्याला ऐकवलंही.

रजा संपून सोमवारी माझं ऑफिस होतं. आमच्याच मजल्यावरच्या एक बाई दिवसभर मुलं सांभाळतात, त्यांच्याकडे ठरवलं होतं. त्यांनी सांगून ठेवलं होतं की पहिले काही दिवस पोरं रडून गोंधळ घालतात, आया जिन्यात रडतात, तुम्ही मागे वळून बघायचं नाही, सरळ निघून जायचं. मी मन घट्ट करून गेले. बाळाला त्यांच्या हातात दिलं. ते गेलं. त्यांच्या बांगड्यांशी खेळायला लागलं. मी टाटा केलं, त्यानं बघितलं आणि परत बांगड्यांकडे वळलं. बाई खूश झाल्या. असं गुणी लेकरू आजवर पाहिलं नाही, म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.

मेट्रोची वेळ होत आली होती. मी चार पायऱ्या उतरले आणि कठडा धरून उभी राहिले. रड, मी मनात म्हणत होते, एकदा तरी रड. आतून त्याच्या हसण्याचा आवाज आला.