थोरल्या जावयाचं भारी पेट्रोल

माझ्या साडूनं माझं आजवर काहीही वाईट केलेलं नाही. म्हणूनच मला त्याचा इतका राग येतो.

साडू म्हणजे विलासराव, माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दिवाळीत त्यांनी नवीकोरी गाडी घेतली. लालभडक! आणि मी ज्या स्कूटरवर नागापूरला कारखान्यात जातो, ती माझ्या लग्नाच्याही आधीची. तरी गाडीचं एक वेळ गिळलं असतं (खोटं कशाला बोलू, नसतंच गिळलं). पण खर्ड्याला सासुरवाडीला गेलं की सासरे चारचौघांत सांगायचे, "आमचे विलासराव गाडीला साधं पेट्रोल पाजत न्हाईत बरं का! जास्त आकड्याचं, लई भारीतलं!" माझ्याकडं बघून मात्र म्हणायचे, "पाव्हणं, च्या घ्या."

एकदा मी विलासरावांनाच सहज (म्हणजे जळून) विचारलं, "एवढं काय असतं हो त्यात?"

"दादा, माझ्या गाडीच्या इंजिनात दाब जास्त. साधं पेट्रोल वेळेआधीच पेटतं, मग इंजिन ठोके मारतं. ऑक्टेनचा आकडा जास्त असला की तसं होत न्हाई. तुमच्या स्कूटरला त्याचा काय उपयोग न्हाई. साधंच घाला."

तुमच्या स्कूटरला! साधंच! माणसाचा अपमान करायचा तरी किती गोड आवाजात!

अधिक महिना लागला आणि दोन्ही जावयांना धोंडे जेवणाचं बोलावणं आलं. पुरणाचे धोंडे, जावयाला ओवाळणं, सगळं साग्रसंगीत. पहिला मान थोरल्याचा, म्हणजे माझा. पण सासरे फोनवर म्हणाले, "ऊन लई हाय. जो आधी येईल त्याला आधी ओवाळून टाकू, खोळंबा नको." आधी कोण पोचणार, हे काय सांगायला हवं?

विलासरावांचा लगेच फोन. "दादा, वैनींना घेऊन आमच्याबरोबरच चला की. गाडीत जागा हाय."

"नको, आमचं आधीच ठरलंय," मी म्हणालो. काय ठरलं होतं, देव जाणे!

सकाळी लवकर निघून थेट पंपावर गेलो. छाती काढून म्हणालो, "भारीतलं भरा! टाकी फुल्ल!"

पंपावरच्या माणसानं स्कूटरकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि भरलं. "ऑइल किती टाकू?"

आता आमची स्कूटर जुन्या पद्धतीची. तिच्या पेट्रोलातच दर वेळी ऑइल मिसळावं लागतं, नाहीतर इंजिन आतून कोरडं पडतं. हे मला वर्षानुवर्षं ठाऊक. पण इतकं महागाचं पेट्रोल, त्यात ते चिकट ऑइल ओतायचं? बासुंदीत ताक?

"काही नको! हे पेट्रोल भारीतलं आहे. ह्याला ऑइल लागत नाही."

"अहो, असं कुणी सांगितलं?" बायकोनं विचारलं.

"सुनंदा, तुला त्यातलं कळत नाही."

(मला कळत होतं असं थोडंच आहे!)

टाकीच्या तळाशी जुनं ऑइलवालं पेट्रोल थोडं होतं, त्याच्या जिवावर स्कूटर पळाली. मला वाटलं भारी पेट्रोलचाच प्रताप! "बघ कशी उडतीये! विलासराव अजून आंघोळीला बसले असतील!" असं मी ओरडलो, आणि आष्टीच्या अलीकडं स्कूटरनं एकदाच कर्रर्र केलं. मागचं चाक जागच्या जागी अडकलं. आम्ही फरफटत रस्त्याच्या कडेला! किक मारली, तर किक दगडासारखी घट्ट. इंजिन जाम!

भर उन्हात बाभळीखाली बसलो. सुनंदा पदरानं वारा घेत स्कूटरकडं बघत बसली. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त ऐकू येतं.

थोड्याच वेळात ती लालभडक गाडी आली, आणि अर्थातच थांबली. विलासरावांनी स्कूटर ढकलून जवळच्या हॉटेलात लावली, पाणी दिलं, गाडीतला एसी माझ्याकडं वळवला. ऑइलचं कळल्यावरही हसले नाहीत. हसले असते तर किती बरं झालं असतं!

खर्ड्यात दारात सासूबाई ताट घेऊन उभ्या होत्या. "आधी कोन आलं म्हनायचं मग?"

मी मान खाली घातली. एवढ्यात विलासरावांनी मला हलकेच पुढं केलं. "मामी, दादाच आधी. थोरले हायेत ते."

"वा, विलासराव!" सासऱ्यांचे डोळे पाणावले. "काय मन हाय तुमचं!"

मला ओवाळलं. टिळा लागला, टोपी मिळाली, पहिला धोंडा माझ्याच ताटात पडला. आणि सगळं घर माझ्या डोक्यावरून विलासरावांकडं कौतुकानं बघत होतं!

त्या दिवसापासून मला त्यांच्या मनाचाही हेवा वाटायला लागलाय. त्यापेक्षा गाडीचा परवडत होता. गाडी निदान हप्त्यांवर तरी मिळते!