डोल काढणाऱ्या गडदेबाई

गडदेबाई पहिल्यांदा माझ्या ऑफिसवर आल्या तेव्हा वर आल्याच नाहीत. मी बांधत असलेल्या पाचमजली इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच माझं ऑफिस होतं. त्यांचा खालून फोन आला, "शेषराव, फाईल घेऊन खालीच या. रस्त्याच्या पल्याड रसवंतीपाशी बसलेय मी." मला वाटलं, गुडघे दुखत असतील. मी गेलो. रसाचा ग्लास हातात धरून त्यांनी मान इमारतीकडे वळवली आणि म्हणाल्या, "तुमच्या बिल्डिंगीला खाली भिंतीच न्हाईत. नुसते खांब. असल्या घरात मी चढत न्हाई."

त्यांच्याकडून मला फक्त एक सही हवी होती. इमारत भूकंपात टिकेल, असा दाखला देणारी. आमच्या तालुक्याच्या गावात ती सही देऊ शकणाऱ्या त्या एकट्याच. बाकी कुणी हवं तर बीडहून, नाहीतर संभाजीनगरहून आणावं लागायचं.

बाई ठेंगण्या, सावळ्या. अंगावर सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट, कारण साइटवर खिळे असतात. जुन्या स्कूटरच्या डिकीत टेप, हातोडी आणि डाळिंबाचे दाणे भरलेला डबा. वडवणीकडच्या मेंढपाळ घरातला त्यांचा जन्म. वडील मेंढरं घेऊन आठ-आठ महिने रानोमाळ फिरायचे. बाई वसतिगृहात राहून शिकल्या, पुण्यात जाऊन इमारतींच्या कंपनांचाच अभ्यास केला, तिथल्या मोठ्या कंपनीत नोकरीला लागल्या आणि एक दिवस परत आल्या. कुणी विचारलं, "कावून आलात?" तर उत्तर ठरलेलं, "तिकडं डोल काढणारे लई हायेत. हिकडं कोन काढतंय?"

डोल हा त्यांचा स्वतःचा शब्द. पुस्तकात त्याला मोड म्हणतात. प्रत्येक इमारतीची हलण्याची स्वतःची ठरलेली तऱ्हा असते, वजनावर आणि ताठपणावर अवलंबून असलेली. पहिल्या डोलात सगळे मजले एकाच बाजूला झुकतात, माथा सगळ्यात जास्त. दुसऱ्यात पोट एकीकडे जातं आणि माथा दुसरीकडे. तिसऱ्यात आणखी एक वळण. भूकंपात इमारत थरथरते ती या सगळ्या डोलांची मिसळण असते. म्हणून एकेक डोल सुटा करायचा, त्याच्या वाट्याला जमिनीचा किती हिसका येईल ते काढायचं आणि शेवटी सगळ्यांची गोळाबेरीज करायची. संगणक हे क्षणात करतो. बाई तरीही पहिले दोन डोल हातानं काढायच्या, पाठकोऱ्या कागदांवर, शिसपेन्सिलीनं. "मशीनला आपुन जे सांगतो तेच ती सांगती," असं म्हणायच्या. "खोटं घातलं तर खोटंच, फकस्त रंगीत."

त्या दिवशी रसवंतीवर मी त्यांना माझ्या संगणकाचा असाच रंगीत कागद दाखवला. इमारत वरपर्यंत कशी छान, सारखी झुकते आहे, ते त्यात दिसत होतं. बाईंनी दोन मिनिटं पाहिलं.

"वरच्या चार मजल्यांच्या भिंतीचं वजन धरलंत. त्यांची ताकद धरली का?"

"नाही. कुणीच धरत नाही. ताकद न धरणं म्हणजे सुरक्षितच की."

"वरच्यासाठी सुरक्षित. खालच्याचं काय? वरचे चार मजले भिंतीनं असे ताठ हायेत की एकाच पेटीसारखे हलतील. वाकायचं सगळं काम एकट्या खालच्या मजल्याला. आन त्याच्याकडं हायेत नुसते खांब."

मी हसून म्हणालो, "मॅडम, आपल्याकडं कुठं होतोय भूकंप?"

बाईंनी ग्लास खाली ठेवला. "किल्लारीलाबी हेच म्हणत होते. माझी मावशी तिकडं दिलेली. वडील तिचं घर उकरायला गेलते. मला न्हाई नेलं. आठ दिवसांनी परत आले, तवा हाताला नखं राहिली नव्हती." आणि फाईल माझ्या हातात देऊन त्या निघून गेल्या.

इमारतीची जागा नानांची. नाना म्हणजे आमच्या भागातले मोठे जमीनदार आणि पुढारी. इमारतीत माझे भागीदार. खालचा मजला मोकळा ठेवायचा हा त्यांचाच हट्ट. पुढे दुकानं, मागे गाड्या. बाईंचं म्हणणं मी त्यांच्या कानावर घातलं, तर ते म्हणाले, "काय बे शेषराव, एका बाईनं नको म्हटलं म्हणून बिल्डिंग थांबवतो का? बोलाव तिला."

बाई आल्या. नानांनी मोठ्या आदरानं खुर्ची दिली आणि कागद पुढे सरकवला. बाईंनी तो तसाच परत सरकवला.

"बाई, तुमी सही न्हाई केली तर मी बीडहून दुसरा इंजिनिअर आनीन."

"आना की. त्यालाबी डोल काढायला सांगा, भिंती धरून. त्याच्या कागदावर येगळं आलं तर मी पाया पडून सही करीन."

दुसरा इंजिनिअर आला. त्यानं भिंती धरल्या नाहीत. सही केली.

गोष्ट इथंच संपली असती. पण घरं घेतलेल्या कुटुंबांची बैठक आम्ही त्याच मोकळ्या मजल्यावर ठेवली होती. चाव्या द्यायच्या होत्या. शाळेतले शिक्षक, दोन एसटी कंडक्टर, दवाखान्यातल्या एक परिचारिका, युसूफ वडगाव या गावी बियाण्याचं दुकान असलेलं एक कुटुंब. नानांचं भाषण सुरू असताना बाईंची स्कूटर आत आली. मागच्या सीटला एक लाकडी सांगाडा बांधलेला होता. त्यांनी तो सोडला आणि हारांच्या टेबलावर ठेवला. सहा फळ्या, त्यांच्यामध्ये करवतीच्या पात्यांचे तुकडे खांबांसारखे उभे केलेले. वरच्या चार मजल्यांना पुठ्ठ्याच्या भिंती. तळाला काही नाही.

"हे काय?" नानांचा आवाज चढला.

"तुमची बिल्डिंग."

"बाहेर व्हा बाई. बोलावलं न्हाई तुमाला."

"ज्यांनी घरं घेतलीत त्यांनी जा म्हणावं. जाते."

मागच्या रांगांतले लोक खुर्च्या पुढे ओढून बसले. पहिल्या रांगेतल्या परिचारिकेला बाईंनी बोलावलं, "ताई, या. तळाची फळी धरा आन हलवा. आधी हळू." ताईंनी हलवली. वरचे चार मजले हललेच नाहीत म्हणावं इतके ताठ राहिले. तळाची पाती मात्र वाकून परत सरळ व्हायची. "आता थोडं जोरात. बिल्डिंगीला आवडतो तो ठेका धरा." दोन-तीन हेलकाव्यांनी ताईंना तो ठेका सापडला आणि तळाची पाती दुमडून सगळं मटकन खाली बसलं. वरचे चार मजले तसेच, अख्खेच्या अख्खे. एकही पुठ्ठा निसटला नव्हता.

"खेळणं हाय ते!" नाना ओरडले.

"खेळणंच हाय, नाना. म्हणून तर कोन मेलं न्हाई."

ताईंनी फळीवरचा हात काढून घेतला. मग नानांकडे नाही, माझ्याकडे पाहून विचारलं, "शेषरावभाऊ, हे खरं आहे का?"

मी पंचवीस वर्षं बांधकाम करत होतो आणि मला या एका प्रश्नाचं उत्तर ठाऊक होतं. रसवंतीवरूनच ठाऊक होतं. "खरं आहे," मी म्हणालो.

त्या दिवशी एकानंही चावी घेतली नाही. पुढचे सहा महिने आम्ही खालच्या मजल्यावर झुंजत होतो. ठरावीक खांबांमध्ये पायापासून काँक्रीटच्या भिंती उठवल्या, उरलेल्या खांबांना सळई-काँक्रीटचं जाकीट चढवलं. अर्धी दुकानं गेली. नानांनी माझ्याशी भागीदारी मोडली. बाईंना गावात काम मिळणं बंद झालं. त्यांच्या ऑफिसच्या पाटीला कुणीतरी डांबर फासलं. बाईंनी ते रॉकेलनं पुसलं, दुसऱ्या आठवड्यात पुन्हा फासलं, पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा त्या भर बाजारात पाटीखाली खुर्ची टाकून कागद-पेन्सिल घेऊन बसल्या. त्यानंतर डांबर आलं नाही. काम हळूहळू आलं, आधी सिरसाळ्याकडून, मग गावातूनच.

मी त्यांच्याच ऑफिसात जाऊ लागलो. पंचेचाळिसाव्या वर्षी डोल काढायला शिकलो, पुढे दाखल्यावर सही करायचा परवानाही काढला. चुकलो की त्या कागद उलटा करून म्हणायच्या, "परत. इमारतीला घाई न्हाई." लोक टोमणे मारायचे, इतकी वर्षं झाली, कुठाय भूकंप? बाई म्हणायच्या, "न्हाई आला तर बरंच हाय की. मी काय त्याची वाट बघते का?"

गेल्या वर्षी पोटाचा आजार निघाला तेव्हा तो फार पुढे गेलेला होता. अंबाजोगाईच्या दवाखान्यात मी रोज जायचो. त्याच दिवसांत, नाना बांधणार असलेल्या मुलींच्या वसतिगृहाची फाईल नगरपंचायतीनं बाईंकडे तपासायला पाठवली. चार मजले, खाली मोकळं. मी ती लपवली होती, पण बाईंना कळलंच. "आना." मी आकडे वाचून दाखवत होतो, त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मधेच थांबवायच्या, एखादा आकडा पुन्हा विचारायच्या. तिसऱ्या दिवशी उठून बसल्या, फाईलवर 'अमान्य' लिहिलं, खाली चार ओळींत कारण लिहिलं आणि सही केली. अक्षर हललं होतं. मी म्हणालो, "मॅडम, थोडं बरं वाटल्यावर केलं असतं." त्या म्हणाल्या, "पोरी ऱ्हानारेत तिथं, शेषराव. मला बरं वाटायची वाट बघू का मी?"

अकरा दिवसांनी त्या गेल्या.

धावपळीत फाईल माझ्याकडेच राहिली होती. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी नानांचा फोन आला. आवाज मऊ होता. "शेषराव, वाईट झालं. लई हुशार बाई. आता ती फाईल तुपल्याकडंच हाय म्हनं. तूबी शिकलास की आता. मोकळी कर."

"नाना, बाई गेल्या. आकडे न्हाई गेले."

"काय बे, माझ्याशी वाकडं धरतो का? ह्या गावात राहायचंय ना तुला?"

"राहायचंय. म्हणूनच."

फोन ठेवला. मग हातानं पुन्हा सगळं काढून पाहिलं, पहिला डोल, दुसरा डोल. उत्तर तेच आलं. बाईंच्या सहीखाली मी माझं नाव लिहिलं, सही केली, फाईल स्वतः नगरपंचायतीत नेऊन दिली आणि पोच हातात पडल्यावरच तिथून बाहेर पडलो.