बारा कूलर आणि मारोतरावांची विहीर

मारोतराव हेडाऊ दुकानातून आणलेलं दूध आधी मांजरीला पाजतात आणि ती धडधाकट राहिली तरच चहा टाकू देतात, असं तुम्हाला नागपूरच्या सक्करदऱ्यात कोणी सांगितलं तर ते खोटं आहे. त्यांच्याकडे मांजर नाही. बाकी स्वभाव तोच. टरबूज कापून पाहिल्याशिवाय घेणार नाहीत, आणि दुकानदारानं आधीच कापून ठेवलेलं असलं तर "आधीच काहून कापलं?" म्हणून घेणार नाहीत.

हा संशय त्यांना घरून मिळाला. बाप खापा गावचा विणकर. सूत तोलून देणारा माणूस ज्या दिवशी गोड बोलायचा, त्या दिवशी सूत हमखास कमी भरायचं. बाप सांगायचा, "फुकटचं हासणाऱ्याच्या हातात तराजू असते, ध्यानात ठेव." मारोतरावांनी माग सोडला, खापा सोडलं, वाक्य तेवढं सोबत आणलं.

तर हे मारोतराव सक्करदरा तलावाच्या मागच्या अंगाला एका बियाणे कंपनीत कामाला आहेत. धानाचं आणि कपाशीचं बियाणं पाकिटात भरायचं काम मार्च ते जून चालतं. म्हणजे नेमकं तेव्हा, जेव्हा नागपुरात माणूससुद्धा पाकिटात भरून तव्यावर ठेवल्यासारखा होतो. पॅकिंग हॉलमध्ये चाळीस बाया आणि बारा कूलर. बाया कंपनीच्या, कूलर मारोतरावांचे. पाणी भरणं, गवताच्या ताट्या बदलणं, टाकीच्या तळाशी बसलेला पांढरा क्षार खरवडणं, सगळं त्यांच्याकडे. पावसाळा-हिवाळ्यात ते ताडपत्र्या, गोण्या आणि उंदीर सांभाळतात, पण कंपनीच्या कागदावर त्यांच्या नावापुढे एकच शब्द आहे : पाणीवाला.

हे काम त्यांना मिळालं त्याचीही एक गोष्ट आहे. पूर्वी ते काट्यावर होते, बियाणं तोलायला. चौघं होते. एक दिवस एक माणूस वही घेऊन आला, तीन दिवस बाजूला उभा राहिला, सगळ्यांना "दादा, दादा" म्हणाला, चहा पाजला. महिनाभरात तोलून भरणारं मशीन आलं आणि तिघं घरी गेले. मारोतराव वाचले, कारण त्याच आठवड्यात कूलरवाला गावी गेला तो परत आलाच नाही.

म्हणून यंदा एप्रिलमध्ये, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेली असताना, भैरवी नावाची मनीषनगरची इंजिनीअर मुलगी पाठीला बॅग आणि हातात वही घेऊन हॉलमध्ये आली, तेव्हा मारोतरावांनी आधी तिच्या वहीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

मॅनेजर जितेंद्र साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं. "काही टेन्शन घ्यायचं नाही. पाणी, वीज, कागद, वेळ, कुठं काय वाया जातं तेवढं मॅडम पाहतील. कोणाचीही नोकरी जाणार नाही."

बाया आपापल्या जागी गेल्या. मारोतराव तिथंच उभे.

"ऐकलं का वं कामिनी?" पॅकिंगवर देखरेख करणाऱ्या कामिनीला ते म्हणाले. "नोकरी जाणार नाही म्हणते. मी विचारलं होतं का त्याले?"

"चांगलंच सांगून राहिले ना जी साहेब."

"डॉक्टर न विचारता 'तुम्ही मरत नाही' म्हणाला का, तर समजून घ्यावं."

भैरवीनं बोअरच्या पाइपला पाण्याचं मीटर बसवलं, प्रत्येक कूलरच्या वायरला वीज मोजणारी एक छोटी डबी लावली आणि बाराही कूलरवर एकेक कागद चिकटवला. "काका, पाणी भरायला लागले की वेळ लिहायची, भरून झालं की परत लिहायची. आठ दिवस फक्त." आणि हसली. वर म्हणाली, "काका, थोडं प्यायला पाणी मिळेल का?"

मारोतरावांनी गिलास दिला. तिनं अर्धा पिऊन अर्धा तिथल्याच कुंडीत ओतला. ही गिलाससुद्धा मोजून राहिली, मारोतरावांनी मनात नोंद केली.

रात्री जेवताना त्यांचा हिशेब झाला. पाणी जास्त दिसलं तर गळा कोणाचा? पाणीवाल्याचा. म्हणजे पाणी कमी दिसलं पाहिजे. पण चव्वेचाळीस डिग्रीत कूलर पाणी पिणारच, आणि कूलर कोरडे राहिले तर चाळीस बाया मारोतरावांना पितील. मीटर बोअरच्या पाइपवर आहे. पाणी बोअरचंच असलं पाहिजे, असं कुठं लिहिलंय?

हॉलच्या मागे एक जुनी विहीर आहे, कंपनीच्या आधीची. वर लोखंडी जाळी, जाळीला कुलूप, कुलपाची किल्ली मारोतरावांच्या करदोट्याला. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला ते हजर. गराडीला तेल घातलं, दोर बांधला. एका कूलरला पाच बादल्या, बारा कूलरला साठ. छप्पन्न वर्षांच्या माणसानं साठ बादल्या ओढून हॉलमध्ये नेणं म्हणजे काय, ते त्यांच्या खांद्यांना विचारा. सात वाजता बाया यायच्या आत बाराही टाक्या काठोकाठ. मीटरला पत्ता नाही, चिकटवलेल्या कागदाला पत्ता नाही. दुपारच्या फेरीचं तेवढं पाणी बोअरचं, तेवढीच वेळ कागदावर.

हॉलची किल्ली कामिनीकडे असते. मारोतराव पाइप टाकायला उघडी ठेवलेल्या मागच्या खिडकीतून बादल्यांसकट आत शिरायचे. तिसऱ्या दिवशी ती जरा लवकर आली.

"काय जी मारोतराव, आजकाल कपड्यासकट अंगोळ करून राहिले का?"

"घाम आहे."

"घामाले शेवाळाचा वास येते वाट्टे."

"तू पाकिटं मोज न वं. माह्या घामाचं ऑडिट करून राहिली."

दिवसा मारोतराव भैरवीवर नजर ठेवून. ती खिडकीजवळ गेली की हे खिडकीजवळ. ती वहीत लिहायला लागली की हे शेजारच्या कूलरची न बिघडलेली ताटी दुरुस्त करायला. "काका, किती वर्षं झाली तुम्हाला इथं?" तिनं सहज विचारलं. "कागदावर असंल," मारोतराव कोर्टात उभं राहिल्यासारखे म्हणाले. पाचव्या दिवशी ती वही उघडी टाकून फोनवर बोलायला बाहेर गेली. मारोतराव फडकं मारायच्या निमित्तानं पुढे झाले. पान भरून आकडे, आणि खाली : मारोतराव, कूलर, रोज दोन तास.

आकडा लहान, म्हणजे डाव जमला, म्हणून त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या खर्चानं कामिनीला समोसा खाऊ घातला. कामिनीला काही समजलं नाही, पण मारोतरावांचा समोसा म्हणून तिनंही आधी उघडून पाहिला.

नवव्या दिवशी जितेंद्र साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"मारोतराव, कमाल केली तुम्ही! बारा कूलर, आणि पाणी इतकं कमी. रोजचे दोन तास फक्त. मॅडमचा पक्का रिपोर्ट अजून यायचा आहे, आणखी चार दिवस पाहायचे म्हणतात, पण मला तर चित्र क्लिअर आहे."

मारोतराव चक्क हसले. वर्षातून दोनदा हसतात, त्यातलं एक तिथं खर्ची पडलं.

"आता दोन तासांसाठी पूर्ण माणूस ठेवण्यात मतलब नाही ना," साहेब पुढे म्हणाले. "गेटवरचा गार्ड मधेमधे भरून देईल. तुमचं जूनपर्यंत चालू द्या, मग पाहू."

"साहेब, तुम्हीच म्हणाले होते, नोकरी जाणार नाही."

"नोकरी कुठं जाऊन राहिली? काम संपून राहिलं."

मारोतराव बाहेर आले आणि सात नंबरच्या कूलरला टेकून उभे राहिले. आजवर काम कमी केलं म्हणून लोकांच्या नोकऱ्या गेलेल्या त्यांनी ऐकल्या होत्या. दुप्पट काम करून ते लपवल्यामुळे नोकरी घालवणारा अख्ख्या नागपुरात हा पहिलाच माणूस असावा, आणि तो नेमका आपणच.

आता करायचं काय? खरं सांगितलं तर आठ दिवस मीटरला फसवल्याचं निघेल. शेवटी त्यांनी ठरवलं, आधी पुरावा उचलायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे ते दोर आणि बादली काढायला विहिरीवर गेले, तर विहिरीच्या काठावर भैरवी बसलेली.

"या काका. साठ ना? काल भिंतीआडून मोजल्या मी."

मारोतरावांचा हात आपोआप करदोट्याच्या किल्लीवर गेला. "तुम्ही चोरून पाहून राहिल्या?"

"तुम्ही चोरून भरून राहिले. तीन दिवस गेटसमोरच्या पानठेल्यामागे गाडी लावून उभी आहे मी. इतक्या गर्मीत बारा कूलर निम्मंसुद्धा पाणी पीत नाहीत, म्हणजे काय उपवास आहे त्यांना? मला वाटलं, तुम्ही मीटर फिरवता."

"मी?" मारोतराव दुखावले. त्यांच्यावर कोणी संशय घेऊ शकतं, हे त्यांना नवीनच होतं. "बाई, मी एक थेंब नाही चोरला. उलटा वाचवला."

"कोणासाठी?"

"तुमच्या वहीसाठी."

भैरवी हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, "आज मी खरं लिहिलं तर तुमच्या कामाचे साडेपाच तास होतात."

"तेच लिहा."

"लिहीन. पण मग साहेब प्रत्येक कूलरला पाइप आणि बॉल बसवतील. टाकी आपोआप भरेल, भरली की बॉल पाणी बंद करेल. मग तुमची दहा मिनिटं."

मारोतराव विहिरीच्या दुसऱ्या काठाला बसले. दोघांच्या मधे जाळी आणि खाली वीस हात पाणी. "म्हणजे खोटं बोललो तरी मेलो न खरं बोललो तरी मेलो. मंग इतका पाहाटे उठाले काहून लावलं मले?"

"काका, माझी अडचण वेगळी आहे. या हॉलमध्ये पाण्यापेक्षा वीज जास्त वाया जाते. बारापैकी काही कूलर फालतू चालतात, एवढं मला कळतं. कोणते, ते कळत नाही. डबीला वीज दिसते, गारवा दिसत नाही. तुम्हाला माहीत आहे. तुम्ही कूलरसमोर हात धरून पाहता, पाहिलंय मी."

मारोतरावांना माहीत होतं. बारा वर्षांपासून माहीत होतं. सात आणि आठ नंबर समोरासमोर, एकमेकांच्या तोंडावर फुंकर घालत बसतात. अकरा नंबर गोण्यांच्या थप्पीवर वारा मारतो. त्यानं फक्त धान थंड राहतं, बाई नाही. पूर्वेच्या दोन खिडक्या सकाळी अकरा वाजल्यानंतर उघडल्या तर बाकीच्यांची हवा हॉलभर फिरते, बंद असल्या तर हॉल न्हाणीघरासारखा दमट होतो. त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं. कूलर कमी झाले की पाणी कमी, आणि पाणी कमी झालं की मारोतराव कमी.

"सांगतो," ते म्हणाले. भैरवीनं वही उघडली. "उघडू नका. आधी माह्या नोकरीचं मी सांगतो ते कागदावर लिहा, मग साहेबाची सही घ्या, मग मी बोलतो."

"तुम्हाला माझ्यावर विश्वास नाही?"

"तुम्ही पानठेल्यामागे उभ्या होत्या, बाई."

भैरवीनं वही मिटून बॅगेत टाकली आणि कोरा कागद काढला.

दहा वाजता दोघं जितेंद्र साहेबांच्या केबिनमध्ये. भैरवीनं आधी विहिरीचं सगळं सांगितलं. साहेब तापले, मग साठ बादल्यांचा आकडा ऐकून जरा निवले, मग विजेचं बिल किती उतरू शकतं ते ऐकून पारच निवले. कागदावर असं लिहिलं गेलं : हॉलची हवा, म्हणजे कूलर, ताट्या, खिडक्या, आणि मागची विहीर व तिच्यावर बसणारा पंप, यांची जबाबदारी मारोतराव हेडाऊ यांची, निवृत्त होईपर्यंत. 'पाणीवाला' हा शब्द खोडला.

साहेबांनी सही केली. मारोतरावांनी खिशातून घडी घातलेला जुना रजेचा अर्ज काढला, त्याच्यावरची साहेबांची सही आणि ही सही शेजारी धरून पाहिली.

"मारोतराव!"

"यातला 'ज' जरा वेगळा वाटून राहिला, साहेब."

साहेबांनी 'ज' परत काढला. वर शिक्काही मारून दिला.

मग मारोतराव हॉलमध्ये गेले आणि एकेका कूलरपुढे उभे राहून बोट दाखवत गेले. सात. आठ. अकरा. भैरवीनं तिन्ही बंद केले. अकरा वाजता पूर्वेच्या खिडक्या उघडल्या. बायांनी आधी आरडाओरडा केला, की तीन कूलर बंद म्हणजे आम्हाले भाजता का. अर्ध्या तासानं कामिनी पदर सावरत म्हणाली, "अगं बाई, हवा त चालून राहिली! इतके दिवस काहून नाही सांगितलं गा, भैताडा?"

"कोणी सही केली होती का आधी?"

पंधरा दिवसांत विहिरीवर लहान पंप बसला, कूलरना पाइप आणि बॉल लागले. मारोतराव आता खिडक्या उघडतात, ताट्या पाहतात, क्षार खरवडतात, आणि पंप खरंच पाणी ओढतो की नुसता गुरगुरतो ते रोज हात घालून तपासतात. कागदाची एक प्रत ऑफिसात आहे, एक घरी पत्र्याच्या पेटीत, आणि तिसरी कुठं आहे ते त्यांनी कोणालाच सांगितलं नाही.

जायच्या दिवशी भैरवीनं परत विचारलं, "काका, तीनच ना? आणखी कोणता फालतू नाही?"

"तीनच."

कामिनीनं मान वळवून जितेंद्र साहेबांच्या केबिनकडे पाहिलं. केबिनच्या दारात एक नंबरचा कूलर आहे. आत एसी चालतो, दार बंद असतं, आणि हा दिवसभर त्या बंद दाराला गारवा देत बसतो. मारोतरावांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिनं मान खाली घालून पाकिटं मोजायला घेतली.

भैरवीची गाडी गेटबाहेर गेल्यावर मारोतराव उठले आणि एक नंबरची टाकी उगाचच झाकण उघडून पाहिली. भरलेली होती. उद्या परत कोणी वही घेऊन आलं, तर द्यायला हाताशी काहीतरी पाहिजे ना.