पंडित मास्तरांची डावी टाच

पंडित मास्तर जन्माला आले ते पायांकडून. एवढ्या एका कर्तबगारीवर झरीत त्यांना मान होता, कारण पायाळू माणसाची डावी टाच तीनदा पाठीला लागली की भरलेली चमक जाते, असा गावाचा भरवसा. सकाळी शाळेत ते फळ्यावर छातीचा पिंजरा काढायचे: बरगड्यांच्या बारा जोड्या, मागं बारा मणक्यांना जोडलेल्या, आत फुप्फुसं आणि हृदय. संध्याकाळी ओट्यावर त्याच पिंजऱ्याला लाथा घालायचे. "आपलं विज्ञान दहा ते पाच," असं ते स्वतःच हसून सांगत.

त्या दिवशी शेजारच्या बायनाबाई वाकतच आल्या. "माळवदावरून उतरताना शिडीवरून पडले, मास्तर. पाठीत लय दुखायलंय. पाय लावा."

मास्तरांनी आधी नीट तपासायला हवं होतं. पण ओट्यावर चार माणसं बघत होती, आणि माणसं बघत असली की मास्तरांची सगळी अक्कल टाचेत उतरायची. पहिली टाच हलकी बसली. दुसरी जरा तोऱ्यात. खाली कट् असं काहीतरी हललं आणि बायनाबाईंचा श्वास अर्ध्यातच अडकला.

मास्तरांनी पाय झटकन मागं घेतला. आठवी का नववी बरगडी, आणि तिच्या आत फुप्फुस! पंचवीस वर्षं काढलेली आकृती पहिल्यांदाच कामाच्या वेळी आठवली, तीही उशिरा.

"तिसरी टाच राहिली की," बायनाबाई कण्हल्या.

मास्तरांनी रिक्षा बोलावली.

परभणीच्या दवाखान्यात फोटो निघाला. दोन बरगड्या मोडल्या होत्या. नशिबानं फुप्फुस शाबूत होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पडल्यावर कुणी दाबलं, चोळलं का?"

"न्हाई ओ," बायनाबाई म्हणाल्या, "मास्तरनं सरळ इकडंच आणलं. विज्ञानाचे मास्तर हायेत ते."

मास्तरांना हायसं वाटलं. इतकं हायसं वाटलं, की स्वतःचीच किळस आली. आत्ता गप्प बसलो तर उद्या संध्याकाळी ओट्यावर पुन्हा कुणाची तरी पाठ असणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"मी लाथ घातली," ते म्हणाले. "दोनदा."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "का?"

"मी पायाळू आहे म्हणून," मास्तर म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकलं.