डिंगोंचा अख्खा कळप

गुन्हा उघड झाला, शिक्षाही झाली, तरी त्या तपासाचं समाधान मला आजवर वाटलेलं नाही.

पुण्याहून शिकायला आलो आणि इथल्या पोलिसात रमलो. शेवटची नेमणूक व्हिक्टोरिया राज्याच्या वायव्य टोकाला, मेंढ्यांच्या मुलखात होती. एका सकाळी ठाण्यात फोन आला. बाईचा आवाज, नाव सांगायला तयार नाही. "जंगलाच्या कुंपणापाशी, तळ्यावर डिंगो मरून पडलेत. कुणीतरी विष घातलंय." एवढं बोलून तिने फोन ठेवला.

डिंगो म्हणजे इथला जंगली कुत्रा. त्या भागात थोडेच उरलेले, म्हणून कायद्याने संरक्षित. त्यांचा अभ्यास करणाऱ्या एका स्वीडिश बाईंना मी सोबत घेतलं. मायदेशी त्यांनी लांडग्यांवर आणि अस्वलांवर काम केलं होतं. तळ्याकाठी नर, मादी, पिल्लं, सगळा कळप पडलेला होता. पंचनामा संपला. मग बाई म्हणाल्या, "आमच्याकडेही लांडगे मारून संपवले होते. पण फिनलंडकडून काही चालत आले आणि पुन्हा वाढले. इथे कुठून चालत येणार?"

संशय शेजारच्या मेंढीफार्मच्या मालकावर होता. साठीचा, सरळ माणूस. वणवा लागला की सगळ्यांच्या आधी धावणारा. त्या हंगामात त्याची बरीच कोकरं फाडलेली सापडली होती. त्याला हक्क समजावून सांगितले आणि स्वयंपाकघरातच जबाब घ्यायला बसलो.

"मला काही माहीत नाही, मित्रा."

खोटं बोलणारा सहसा जास्त बोलतो. हा एवढंच बोलून खिडकीबाहेर बघत होता. बाहेर कुत्र्याची साखळी नुसतीच पडली होती. मेंढपाळाच्या घरी गाडी शिरली आणि कुत्रा भुंकला नाही, असं कधी होत नाही.

मी विचारलं, "कुत्रा कुठाय तुझा?"

त्याचा चेहरा उतरला. "पुरला. विषाचं मांस त्यानेही खाल्लं." आणि तो माणूस ओक्साबोक्शी रडायला लागला. "मला फक्त कोकरं वाचवायची होती."

"सांगून टाक सगळं," मागून त्याची बायको म्हणाली. फोनवरचा आवाज मी ओळखला. त्याबद्दल मी त्याच्यापाशी कधीच बोललो नाही.

पुढे प्रयोगशाळेचा अहवाल आला. तपासलेल्या कोकरांच्या जखमांत कोल्ह्यांची लाळ होती. डिंगोंची कुठेच नव्हती.

त्याला मोठा दंड झाला. पुढच्या वर्षी कोकरं जन्मायच्या दिवसांत त्यानेच मला फोन केला. "कोल्हे दिवसाढवळ्या कळपात शिरतायत. डिंगो होते तेव्हा एवढे कुठे दिसायचे?"

"नव्हते दिसत," मी म्हणालो.

 

नोकरीभर मी मानत आलो की आरोपी सापडला, कबूल झाला, की न्याय झाला. इथे तो सापडला, कबूल झाला, मनापासून पस्तावलाही. पण ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांच्यातलं माफ करायलाही कुणी उरलं नव्हतं.